टोपलीतला दुसरा घोडा

एल्वियाला किल्लुपाम्बा गावात फारसं कुणी नावानं हाक मारत नसे. लांबून तिची पांढरी टोपी आणि काखेतला कागदांचा गठ्ठा दिसला, की बायका अंगणातूनच ओरडायच्या, "आली गं, चौकशीबाई आली! कोंबड्या झाका, नाहीतर त्यांचीही नावं लिहून नेईल!" एल्विया हसायची, ओट्यावर टेकायची, पुढ्यात आलेला उकडलेला मका दाणा-दाणा तोंडात टाकायची आणि कामाला लागायची.

काम म्हणजे विचारणं. शिरगणती असो, लसीकरणाची पाहणी असो, नाहीतर डेअरीसाठी गाई मोजायच्या असोत, क्वेंका शहरातून जो कुणी साहेब डोंगरात यायचा तो आधी एल्वियाला गाठायचा. वाटा तिच्या पायाखालच्या, डोंगरातली बोली तिच्या जिभेवर, आणि मुख्य म्हणजे कुत्री तिच्यावर भुंकत नसत. प्रश्न मात्र साहेबांचे. आणि काय एकेक प्रश्न, देवा! "आपले स्वयंपाकघर हवेशीर आहे काय?" आमच्याकडचा वारा भिंतीच्या भेगांतून शिरतो आणि चूल विझवून जातो. शेजारची ओर्तेन्सिया म्हणाली होती, "हवा येते का म्हणून काय विचारतेस? ती घराबाहेर कशी काढायची ते विचार त्यांना!" एल्वियानं मुकाट्यानं "आहे" असं लिहिलं. घरी येताना तिला आपलीच लाज वाटली.

त्या लाजेपायीच छत्तिसाव्या वर्षी तिनं क्वेंकाच्या विद्यापीठात नाव घातलं. नोकरी करणाऱ्यांसाठी शनिवारचे वर्ग असत, समाजशास्त्राचे. सासूनं, त्रान्सितोनं, आधी कपाळाला हात लावला. "केस पिकायला लागले आणि बाई निघाल्या पाटी घेऊन! प्रश्न विचारून पोट भरलं नाही का अजून?"

"दुसऱ्याचे विचारले, आई. आता माझे मी करणार."

"कर बाई. पण परीक्षेत पडलीस तर रडत माझ्याकडे येऊ नकोस."

असं म्हणाली खरी, पण दर शनिवारी पहाटे उठून तिचा डबा त्रान्सितोच बांधायची. कधी भाजलेले बटाटे, कधी चीज, आणि सणासुदीच्या दुसऱ्या दिवशी शिजवलेल्या कुईची, म्हणजे घरी पाळलेल्या गिनीपिगची, एक तंगडी, नातीच्या नकळत काढून ठेवलेली. त्या घरात तीन बायका. त्रान्सितो, एल्विया आणि एल्वियाची मुलगी नार्सिसा. सासू-सुनेचं गावात उदाहरण देत. भांडायच्या, नाही असं नाही, पण भांडण चुलीवरचं पाणी उकळेपर्यंत टिकायचं.

आणि चौथा होता लिसार्दो. एल्वियाचा नवरा, त्रान्सितोचा एकुलता एक मुलगा. नार्सिसा रांगत होती तेव्हा तो तिकडे जायला निघाला. आमच्या गावात ‘तिकडे’ म्हणजे उत्तरेला, अमेरिकेत. अर्धा गाव तिकडेच आहे. सीमेजवळच्या कुठल्याशा गावातून त्याचा शेवटचा फोन आला होता. "उद्यापासून चालायचं आहे, एल्व्या. पोरीला माझा पापा दे. आईला सांग, पाय दुखत नाहीत." त्यानंतर फोन नाही, पत्र नाही, निरोप नाही. नार्सिसा आता बापापेक्षा उंच झाली असेल, पण ते मोजायला बाप समोर नव्हता.

साऱ्या जगाला प्रश्न विचारणाऱ्या या बाईनं एक प्रश्न मात्र कुणालाही विचारला नव्हता. लिसार्दो जिवंत आहे का? शेजारणींना नाही, माणसं सीमेपार नेणाऱ्या दलालाला नाही, सासूला तर नाहीच. कुणी विषय काढला तर ती म्हणायची, "तिकडे आहे." डेअरीचा ट्रक चालवणारा आबेलार्दो दोन वर्षं रोज सकाळी तिच्या अंगणाशी नको इतका वेळ गाडी थांबवायचा. भला माणूस, विधुर. एकदा त्यानं धीर करून विचारलंच. एल्विया म्हणाली, "माझा नवरा आहे." आबेलार्दोनं टोपी काढली, "माफ करा," म्हणाला आणि पुढच्या वर्षी खालच्या गावात लग्न करून मोकळा झाला. त्या दिवशी त्रान्सितो अंगणातच शेंगा सोलत बसली होती. तिनं मान वर केली नव्हती.

शेवटच्या वर्षी प्रबंधाचा विषय निवडायचा होता. एल्वियानं निवडला: तिकडे गेलेल्यांची घरं. घर कसं चालतं, कोण काय काम करतं, पोरं कुणाचं ऐकतात. प्रश्नावली स्वतः बनवायची, चाळीस-पन्नास घरांत फिरायचं. तिच्या मार्गदर्शक बेर्मेओबाई साठीच्या, बारीक, चष्मा कपाळावर ठेवून तो सगळीकडे शोधणाऱ्या. पण प्रश्नाच्या बाबतीत भारी कडक! एल्वियाचा पहिला मसुदा त्यांनी लाल शाईनं असा रंगवला, की कोंबडी कापल्यासारखा दिसत होता.

"हे काय? ‘नवऱ्याची आठवण येते का आणि तो पैसे पाठवतो का?’ अगं, हे दोन प्रश्न आहेत. बाई ‘हो’ म्हणाली तर कशाला हो? आठवणीला की पैशाला?"

वर्गातली पोरं हसली. एल्वियाही हसली.

"आणि हा? ‘मुलं आईचं ऐकत नाहीत, असं तुम्हाला वाटतं ना?’ ते ‘ना’ काढ आधी. उत्तर तूच तोंडात कोंबलंस, तर तिनं काय बोलायचं?"

हळूहळू तिला गोडी लागली. प्रश्न साधा हवा. एका प्रश्नात एकच गोष्ट. सोपं आधी, दुखरं नंतर. समोरचा काहीही बोलला तरी चेहरा हलू द्यायचा नाही, पुढं वाकायचं नाही, "अरेरे" म्हणायचं नाही. महत्त्वाची गोष्ट शेवटाकडे वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारायची, म्हणजे पहिलं उत्तर खरं होतं का ते कळतं. आणि धरलेली मुलाखत मध्येच सोडायची नाही. घरी भांडी घासताना ती नार्सिसावर प्रयोग करायची, आणि नार्सिसा कावायची, "आई, मला भूक लागली आहे का हे सरळ विचार ना! ‘पूर्ण, थोडी, अजिबात नाही’ काय लावलंयस?"

एका प्रश्नावर मात्र बेर्मेओबाईंचं बोट अडलं. ‘घरातला माणूस सध्या कुठे आहे?’ खाली तीन चौकोन होते: इथे, तिकडे, वारला.

"एल्विया, ज्याची काही खबरच नाही, तो कुठल्या चौकोनात बसायचा?"

"तसं आमच्याकडे कुणी नाही, बाई."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. तिच्याकडे पाहिलं. त्यांना काही माहीत होतं असं नाही, पण त्यांनी आयुष्यभर माणसांची उत्तरं वाचली होती. "नसेल तर रिकामा राहील," त्या म्हणाल्या. "पण चौकोन हवा. माणूस मावला नाही तर चूक माणसाची नसते. दहा घरांत नेऊन बघ आधी."

एल्वियानं चौथा चौकोन काढला: खबर नाही. तो काढताना पट्टी दोनदा सरकली.

दहा घरं फिरून झाली. चौथा चौकोन दहाही कागदांवर कोरा! आणि त्या दहांतल्या निदान चार घरांत फोन वाजून वर्षं लोटली होती, हे एल्वियाला ठाऊक होतं. ओर्तेन्सियाचंच घर घ्या. तिचा मुलगा लिसार्दोनंतर वर्षभरानं निघाला होता. एल्वियानं शिकल्याप्रमाणे सपाट आवाजात चारही पर्याय वाचले. चौथा ऐकला आणि ओर्तेन्सिया ताडकन उठली.

"काय म्हणालीस? पुन्हा म्हण!"

"खबर नाही, असा एक पर्याय आहे, काकू. लागू असेल तरच..."

"लागू तुझ्या कागदाला होवो! माझ्या तोंडानं माझ्या पोराला मारायला आलीस? तिकडे आहे तो. तिकडे! लिही!" मग एकदम आवाज उतरला. "तुझ्या कागदावर तू काय लिहिलंस गं? तुझा कुठे आहे?"

एल्वियानं ‘तिकडे’वर खूण केली आणि पुढचा प्रश्न वाचला. 

"सरळ दार बंद असेल तर वळसा घालून जा," शनिवारी बेर्मेओबाई म्हणाल्या. "माणूस काय मानतो ते विचारू नकोस, काय करतो ते विचार. जीभ खोटं बोलते, हात सहसा खोटं बोलत नाहीत. जिवंत माणसासाठी तुमच्याकडे काय करतात, आणि गेलेल्यासाठी काय वेगळं करतात?"

एल्वियाला विचारच करावा लागला नाही. पितरांचा दिवस तोंडावर आला होता. आमच्याकडे त्या दिवशी घरोघर जांभळी पेज शिजते आणि गेलेल्यांच्या नावानं पाव भाजतात. गेलेल्या बाईसाठी किंवा मुलीसाठी कणकेची बाहुली, पुरुषासाठी घोडा. प्रत्येकाचा वेगळा. तो कबरीवर नेऊन ठेवायचा. जिवंत माणसाच्या नावानं घोडा भाजायची हिंमत डोंगरात कुणाची नाही. तिनं तिथंच वहीच्या पाठीवर लिहिलं: ‘यंदा तुमच्या घरी बाहुल्या किती भाजणार? घोडे किती? कुणाकुणासाठी?’

बेर्मेओबाईंनी ते वाचलं, पुन्हा वाचलं. "शाबास," त्या म्हणाल्या. चार वर्षांत हा शब्द पहिल्यांदा. "आता हा आधी एकाच घरात विचार. जिथे तुला कुणी हाकलणार नाही तिथे. तुझं घर केलंस का?"

"स्वतःचं घर कसं करू, बाई?"

"सासू म्हणजे तू नव्हेस. तिला विचार."

एल्विया हो म्हणाली. तिला त्यात भीतीचं काही दिसलं नाही, कारण घरच्या पावांचा हिशोब तिला पाठ होता, असं तिला वाटत होतं. दोन बाहुल्या, त्रान्सितोच्या पाळण्यातच गेलेल्या दोन मुलींच्या. एक घोडा, सासऱ्यांचा. भाजायचं काम त्रान्सितो वरच्या वाडीत बहिणीच्या भट्टीवर करायची, आणि एल्विया घरी पेजेचं बघायची. कबरस्तानातही त्रान्सितो एकटीच टोपली घेऊन जायची. लिसार्दो गेल्यावर काही वर्षांनी तिनंच सुनेला सांगितलं होतं, "जिचा नवरा वाटेत असतो, तिनं त्या दिवशी कबरस्तानात पाय ठेवू नये. ठेवला तर तो तिथंच बोलावला जातो. पूर्वीपासून असं आहे." एल्वियानं कधी ठेवला नाही. फाटकापर्यंतसुद्धा गेली नाही.

मंगळवारी दुपारी त्रान्सितो अंगणात उन्हाला बसून कणसं सोलत होती. एल्विया समोर स्टूल घेऊन बसली, मांडीवर कागद.

"नमस्कार. मी विद्यापीठाकडून आले आहे. तुमचा थोडा वेळ मिळेल का?"

"कोण गं बाई तुम्ही?" त्रान्सितोला मजा वाटली. "आमची सून घरी नाही. असती तर तुम्हाला पेज दिली असती. ती आळशी आहे, पण पेज बरी करते."

"आई, नीट हं. बाईंना दाखवायचं आहे."

"बरं बरं. विचार."

"या घरात एकूण माणसं किती?"

"चार."

"चौथं माणूस सध्या कुठे आहे? इथे, तिकडे, वारला, खबर नाही."

"तिकडे." कणसाचे दाणे टपटप पडतच होते.

मग शेत कोण बघतं, गाय कोण पिळतं, नार्सिसाच्या शाळेचं कोण बघतं. त्रान्सितो रंगात येऊन सांगत होती. नातीबद्दलच्या दोन तक्रारी तिनं मुद्दाम लिहून घ्यायला लावल्या. आणि त्याच लयीत एल्वियानं पुढचा प्रश्न वाचला.

"यंदा तुमच्या घरी बाहुल्या किती भाजणार?"

"दोन."

"घोडे किती?"

"दोन."

दाणे पडायचे थांबले नव्हते. हात आपल्या सवयीनं सांगून गेला होता. एल्वियाच्या हिशोबात घोडा एकच होता. पण चेहरा हलू द्यायचा नाही, पुढं वाकायचं नाही. तिनं कागदावर दोन लिहिले. आवाज सपाट ठेवून तिनं विचारलं, "कुणाकुणासाठी?"

"एक यांचा..." आणि मग त्रान्सितोच्या हातातलं कणीस गळून पडलं. एक कोंबडी धावत आली आणि दाणे टिपायला लागली. तिला कुणी हाकललं नाही.

"दुसरा कुणाचा, आई?"

त्रान्सितो शालीच्या टोकाशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "तू विचारलंस. इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलंस."

"दुसरा घोडा कुणाचा?"

"माझ्या लिसार्दोचा."

मग तिनं सांगितलं. नार्सिसा चार वर्षांची असताना दरीपलीकडचा एक माणूस आला होता. लिसार्दोबरोबर निघालेल्या टोळीतला, तिकडून परत पाठवलेला. एल्विया तेव्हा कुठल्याशा पाहणीला गेली होती. त्या माणसानं पाणीसुद्धा घेतलं नाही, उभ्या उभ्या बोलला. वाळवंटात लिसार्दोचा पाय सुजून भोपळ्यासारखा झाला होता. दलाल थांबेना. त्यांनी त्याला एका झुडपाच्या सावलीत बसवलं, होतं तेवढं पाणी दिलं. तो म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे, मी येतो." परत त्याच वाटेनं पकडून आणलं तेव्हा या माणसानं त्याला तिथंच पाहिलं. बसलेलाच होता. अंगावर ओळखू येण्यासारखं काही उरलं नव्हतं, कमरपट्टा सोडून. एल्वियानं विणलेला, लाल. तो काढून त्यानं आईला आणून दिला.

"कुठे आहे पट्टा?"

"कबरस्तानातल्या मोठ्या क्रुसाच्या पायाशी पुरला. घोडा तिथेच ठेवते."

एल्विया उठली. पुन्हा बसली. "आणि ते? पाय ठेवू नये ते? पूर्वीपासून आहे ते?"

त्रान्सितोनं मान हलवली. "मीच म्हटलं ते. तू आली असतीस तर घोडा दिसला असता."

"आई!" एल्विया अशी ओरडली की कोंबडी उडून भिंतीवर बसली. "बारा वर्षं! बारा वर्षं मी फोन वाजला की धावते! आंघोळीतून ओली धावले आहे मी! आबेलार्दोला मी तुमच्यासमोर परत पाठवला. तुम्ही इथं बसल्या होतात. शेंगा सोलत होतात! एक शब्द बोलायचा होता!"

"बोलायचा होता."

"मग?"

"तू अठ्ठावीस वर्षांची होतीस." त्रान्सितो आता रडत होती, पण आवाज न करता, म्हाताऱ्या बायका रडतात तशी. "विधवा झाली असतीस तर माहेरी गेली असतीस. नाहीतर लग्न केलं असतंस. केलंच असतंस, आणि करायलाच हवं होतं. नार्सीला नेलं असतंस. दोन मुली पाळण्यात गेल्या, हे गेले, पोरगा वाळवंटात बसला. मी या घरात कुणाशी बोलले असते, भिंतीशी? आज सांगू, उद्या सांगू करत राहिले. तू मला आई म्हणायचीस. मी लोभ केला गं. मायेचं नाव देऊ नकोस त्याला, लोभच केला."

एल्वियाला तिला मारावंसं वाटलं आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. मांडीवरचा कागद तिनं सरळ केला. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. धरलेली मुलाखत मध्येच सोडायची नाही, एवढंच काय ते डोक्यात शिल्लक होतं. शेवटचा प्रश्न राहिला होता, पहिलाच, वेगळ्या शब्दांत. तिनं तो वाचला, आणि आवाज मध्येच फाटला.

"आज रात्री या घरात किती माणसांची ताटं वाढणार?"

त्रान्सितोनं डोळे पुसले. सुनेकडे बघितलं. "ते आता तुझ्या हातात आहे. राहिलीस तर तीन. गेलीस तर एक."



एल्विया गेली नाही, पण बोललीही नाही. दोघी एकाच चुलीवर आळीपाळीनं स्वयंपाक करायच्या. नार्सिसाला आईनं सगळं सांगितलं. पोरगी दिवसभर गाईच्या गळ्यात पडून रडली आणि मग आजीजवळच जाऊन झोपली. यामुळे एल्वियाला आणखी राग आला. कुणावर, ते कळेना.

शनिवारी तिनं कागद बेर्मेओबाईंपुढे ठेवले. घोड्यांचा प्रश्न आडव्या रेघेनं खोडलेला होता.

"हे का? चालला नाही?"

"चालला, बाई."

बाईंनी त्या एकुलत्या एक भरलेल्या कागदावर नजर टाकली. बाहुल्या दोन, घोडे दोन. वर ‘चौथं माणूस’ समोर ‘तिकडे’ची खूण खोडून ‘वारला’वर केली होती, पेन इतकं दाबून की कागद फाटला होता. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पोरी," त्या म्हणाल्या. "मी सांगितलं तुला, घरी विचार म्हणून. चुकलं माझं."

"तुमचं नाही चुकलं."

"तुझ्या सगळ्या प्रश्नावलीत हा एक प्रश्न सोन्यासारखा आहे. हा काढलास तर हरवलेले सगळे पुन्हा ‘तिकडे’च मोजले जातील. प्रबंध लंगडा पडेल."

"पडू दे. हा प्रश्न माणसाला कळायच्या आत त्याच्याकडून उत्तर काढून घेतो, बाई. माझ्याच घरात मी बघितलं. ओर्तेन्सियाच्या अंगणात जाऊन मला तो विचारता यायचा नाही. चौथा चौकोन राहू दे. जिला सांगायचं ती सांगेल."

"कुणीच सांगणार नाही."

"मग कोरा राहील."

बाईंनी वाद घातला नाही. फक्त तिला बसपर्यंत सोडायला आल्या, जे त्या कधी करत नसत.

पितरांच्या दिवशी सकाळी एल्विया वरच्या वाडीत मावशीच्या भट्टीवर गेली. त्रान्सितो कणीक मळत होती. सुनेला दारात बघून तिचे हात थांबले. एल्विया काही न बोलता बाजूला बसली, कणकेचा गोळा ओढला आणि घोडा करायला लागली. तिला येत नव्हता. पाय जाड झाले, मान वाकडी झाली. त्रान्सितोनं हात पुढं केला आणि परत मागं घेतला. डोळ्याच्या जागी एल्वियानं मनुका दाबली आणि पोटावरून बीटानं रंगवलेल्या कणकेचा एक लाल पट्टा काढला. भट्टीत गेल्यावर तो घोडा एका अंगाला फुगला. तरी त्रान्सितोनं आपला घोडा मागं ठेवला आणि सुनेचाच टोपलीत घातला.

"तू ने," ती म्हणाली. "मी घरी पेज बघते."

कबरस्तानाच्या फाटकाशी एल्वियाचे पाय अडले. जुनी सवय. मग तिनं आत पाऊल टाकलं. सासऱ्यांचा घोडा आणि बाहुल्या ठेवून ती मोठ्या क्रुसाकडे गेली. परगावी, परमुलखात मेलेल्यांसाठी तो उभा केलेला आहे. तिथं ती थबकली. क्रुसाच्या पायाशी घोडेच घोडे. लहान, मोठे, साखर लावलेले, जळलेले, गव्हाचे, मक्याचे, आणि मध्ये चार-दोन बाहुल्या. जन्मभर घरं मोजत आलेल्या या बाईनं ते मोजले नाहीत. क्रुसाच्या पलीकडून एक बाई शालीखालून काहीतरी काढून ठेवत होती. तिनं मान वर केली, तर ओर्तेन्सिया.

ओर्तेन्सियाचा चेहरा आधी चोरी पकडल्यासारखा झाला आणि मग नुसता म्हातारा झाला.

"कागदावर लिहू नकोस," ती म्हणाली.

"नाही लिहिणार, काकू."

"त्याला पाठीवर खोगीर आवडायचं. लहानपणी. म्हणून खोगीर केलंय बघ."

"छान झालंय," एल्विया म्हणाली. आपला वाकडा घोडा तिनं त्या खोगीरवाल्याला लागून ठेवला आणि तिथंच जमिनीवर बसली. पट्टा कुठं पुरलाय ते नेमकं माहीत नव्हतं, म्हणून सगळीकडेच हात फिरवला. मग बारा वर्षांचं जे साठलं होतं ते बाहेर आलं, आणि ती इतकी रडली की ओर्तेन्सियानं स्वतःचं रडणं बाजूला ठेवून तिची टोपी सांभाळली.

घरी आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. त्रान्सितो दारातच उभी होती. चुलीवर पेज होती, ताटं-वाट्या मात्र फडताळातच. एकही काढलेली नव्हती. काढायची हिंमत झाली नसावी.

एल्विया फडताळापाशी गेली. तीन वाट्या काढल्या, चुलीजवळ मांडल्या.

"मी राहते आहे," ती पाठमोरीच म्हणाली. "पण माफ केलेलं नाही, आई. होईल की नाही तेही सांगता येत नाही."

"नको करूस," त्रान्सितो म्हणाली. "रहा तेवढी."